‘रक्त कमी आहे’ म्हणाले, पण कशामुळे? दाहाच्या जुन्या आजारातला थकवा आणि रक्तक्षय

झोप पुरेशी झालेली असते, पोटात चार घास गेलेले असतात, तरी अंघोळ उरकून केस पुसेपर्यंत हात गळून येतात. आमवात, आतड्यांचा दाह, ल्यूपस, सोरायसिसचा संधिवात यांपैकी एखादं दाहाचं दुखणं (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटून आत सूज धरते ते) ज्याच्या मागे वर्षानुवर्षं लागलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी स्वतः अकरा वर्षं आमवातासोबत राहते आहे. सुजलेला सांधा निदान दिसतो. थकवा दिसत नाही, म्हणून तो आळसाच्या खात्यात जमा होतो.

मग कुणीतरी म्हणतं, ‘अंगात रक्त नसेल, लोहाच्या गोळ्या सुरू कर.’ मी केल्या, त्याही कुणाला न विचारता. आठ महिने घेतल्या. बद्धकोष्ठता तेवढी पदरात पडली, हिमोग्लोबिन १०.४ होतं, ते तिथेच राहिलं. नंतर नीट तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की माझ्या शरीरात लोह होतं, पण कोंडून पडलेलं होतं. थकवा म्हणजे रक्तक्षय (ॲनिमिया) आणि रक्तक्षय म्हणजे लोहाची गोळी, हे गणित आपल्यासारख्यांच्या बाबतीत वारंवार चुकतं. म्हणून पायऱ्या गाळू नका, आणि शक्यतो याच क्रमाने जा.

आधी एवढं बघा

पुढच्यांपैकी काही होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा:

- बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, पडून राहिलं तरी छाती धडधडत राहणं
- डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच, शौचातून ताजं रक्त जाणं किंवा रक्ताची उलटी
- प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना आलेला ताप
- डोळे पिवळे होणं आणि त्याबरोबर लघवी गडद होणं (तांबड्या पेशी शरीरातच फुटत असल्याची ही खूण असू शकते, ल्यूपसमध्ये हे होतं)
- बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबल्यावर आलेली पराकोटीची अशक्तता, उलट्या, चक्कर

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होतं, पण ते सहसा डांबरासारखं चिकट नसतं. फरक ओळखता येत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, विचारा.

पायरी १ : थकव्याला नाव द्या

‘थकवा येतो’ या दोन शब्दांतून डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. एकाला झोप अनावर होते, दुसऱ्याचे स्नायू काम करत नाहीत, तिसऱ्याला जिना चढताना दम लागतो आणि चौथ्याला वाचलेली ओळ पुन्हा तीनदा वाचावी लागते. चौघंही थकवाच म्हणतात.

दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळी थकव्याला ० ते १० मध्ये गुण द्या. सकाळी सांधे किंवा पाठ किती मिनिटं ताठ होती, झोप कशी लागली, दिवसभरात मोठं काम कोणतं केलं, पाळी चालू होती का, औषधात काही बदल झाला का, एवढंच टिपा. दिवसाला दोन ओळींपेक्षा जास्त नको, नाहीतर वहीचाच थकवा येईल. पहिल्या आठवड्यात काही कळणार नाही. दुसऱ्यात आकार दिसू लागतो.

रक्त कमी असल्याचा थकवा बहुधा श्रमाच्या वेळी बोलतो. चढावर धाप, छातीत धडधड, डोकं दुखणं, उभं राहिल्यावर गरगरणं. लोह संपलेलं असेल तर बर्फ चघळावासा वाटणं, माती-खडू खाण्याची ओढ, रात्री पाय स्वस्थ न राहणं, नखं ठिसूळ होणं, केस गळणं हेही दिसतं. दाहाचा थकवा वेगळा. तापातून उठल्यासारखं अंग जड, सकाळची ताठरता लांबलेली, आजार उसळला की थकवाही उसळलेला. तिसरा प्रकार उशिरा उगवतो: आज जास्त काम केलं, आज ठीक, उद्या-परवा अंथरुणाला खिळलो. वहीशिवाय हा तिसरा सापडत नाही, कारण परवाच्या आडवं होण्याचा संबंध आपण आजच्या कामाशी लावतच नाही.

हे तिन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, ही त्यातली गंमत. मला तरी ती गंमत वाटली नव्हती.

पायरी २ : रक्तक्षय आहे का, ते आकड्यांनी ठरवा

आरशात खालची पापणी ओढून रंग बघण्यावर फार विसंबू नका. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार हिमोग्लोबिन प्रौढ पुरुषांत डेसिलीटरला १३ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. गरोदरपणात ही रेषा साधारण ११ ला असते. धूम्रपान करणाऱ्यांचं आणि खूप उंचावर राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन मुळातच थोडं चढं असतं, त्यामुळे त्यांचा रक्तक्षय आकड्यामागे लपतो.

जुने रिपोर्ट काढा. एकटा आकडा फारसं बोलत नाही, त्याची चाल बोलते. वर्षभरापूर्वी १४.१ असलेलं हिमोग्लोबिन आज १२.२ असेल, तर एखाद्या बाईच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’च छापून येईल. पण जवळजवळ दोन ग्रॅम कुठेतरी गेले, हे खरंच आहे.

त्याच कागदावर एमसीव्ही असतो, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ८० ते १०० फेम्टोलीटर हा नेहमीचा पल्ला. त्याहून लहान पेशी म्हणजे लोह कमी असण्याची शक्यता, किंवा थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक असणं. मोठ्या पेशी दिसल्या तर बी-१२, फोलेट (फॉलिक ॲसिड), थायरॉइड, यकृत, मद्य आणि मेथोट्रेक्सेट किंवा ॲझाथायोप्रिनसारखी औषधं यांचा विचार होतो. निव्वळ दाहामुळे झालेल्या रक्तक्षयात आकारमान बहुतेक वेळा मधलंच राहतं. मात्र लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरीही मधलीच येते, आणि रिपोर्ट साळसूद दिसतो. अशा वेळी आरडीडब्ल्यू वाढलेला असतो. पेशी एकसारख्या नाहीत हे तो आकडा सांगतो.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही बघा. तिन्ही जातीच्या पेशी एकदम घटल्या असतील तर हाडांतल्या मगजावर काहीतरी दाब आहे, औषधाचा किंवा आजाराचा, आणि ते लगेच दाखवायला हवं. आणखी एक खूणगाठ: दाहाचा रक्तक्षय सहसा सौम्य ते मध्यम असतो. हिमोग्लोबिन ८ च्याही खाली उतरलं असेल तर ‘आजारच तसा आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. दुसरं कारण शोधायला सांगा.

पायरी ३ : कोठार रिकामं आहे, की कुलूप लागलंय?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा बैठक मारू.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. नव्या तांबड्या पेशी बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं, पण अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषलं जातं. बाकीचं येतं जुन्या पेशींमधून. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; म्हातारी झाली की प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, आतलं लोह काढून घेतात आणि रक्तात परत सोडतात. भंगारातून नवं घडवण्याचा हा कारखाना जन्मभर चालतो.

पेशीतून लोह बाहेर पडायला एकच दार आहे. फेरोपोर्टिन त्याचं नाव. आणि त्या दाराला कुलूप लावणारं संप्रेरक यकृतात तयार होतं, ते हेप्सिडिन. शरीरात दाह पेटला की इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप यकृताकडे जातो, हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. यामागे शहाणपण आहे. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, तेव्हा संसर्ग झाल्याबरोबर शरीर आपलं लोह आत दडवून ठेवतं. आठवडाभराच्या तापात हे उत्तमच. आपल्या आजारात मात्र जंतू नाही, तरी धोक्याची घंटा वाजतच राहते, आणि कुलूप वर्षानुवर्षं लागलेलं राहतं. भरीला भर म्हणजे आतड्यातून लोह आत येतं तेही याच दारातून. म्हणून गोळी गिळली तरी बरंचसं लोह आतड्यातूनच बाहेर जातं. शिवाय दाहामुळे मगज एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी बनवायला सांगणाऱ्या संप्रेरकाच्या) हाकेला नीट ओ देत नाही आणि तांबड्या पेशींचं आयुष्यही थोडं घटतं.

आता फेरिटिन, म्हणजे लोह साठवून ठेवणारं प्रथिन. कोठारात किती लोह आहे याचा अंदाज त्यावरून बांधतात. अडचण अशी, की फेरिटिन दाहातही आपोआप वाढतं. म्हणजे कोठार रिकामं होत आलं असलं तरी आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. म्हणून फेरिटिन एकटं वाचायचं नाही, सीआरपीच्या (दाह किती पेटलाय हे सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या) शेजारी ठेवून वाचायचं. ईएसआर या दाहाच्या दुसऱ्या तपासणीवर इथे फार भिस्त नको, कारण रक्तक्षयानेही ईएसआर चढतो.

वाचायचं कसं? सीआरपी शांत असेल, तर फेरिटिन १५ च्या खाली असणं ही लोह संपल्याची जागतिक आरोग्य संघटनेची रेषा. बरेच डॉक्टर ३० पासूनच कमतरता धरतात. सीआरपी वाढलेला असेल तर हीच रेषा वर सरकते: संघटनेने प्रौढांसाठी ती ७० ला आखली आहे आणि आतड्यांच्या दाहाच्या आजारात १०० पर्यंतचं फेरिटिनही कमतरता दाखवू शकतं, असं मानलं जातं. (नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर काय किंवा मायक्रोग्रॅम प्रति लीटर काय, आकडा तोच राहतो.) फेरिटिन १०० च्या वर, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते) २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे कोठारात माल आहे आणि गाड्या मात्र रिकाम्या धावताहेत. कुलूप लागलंय. मधल्या पट्ट्यात, म्हणजे फेरिटिन ३० ते १०० आणि सॅच्युरेशन कमी, तिथे बहुधा दोन्ही असतं: माल कमी, वर कुलूपही.

माझा कागद असा होता: फेरिटिन २४०, सॅच्युरेशन १४ टक्के, सीआरपी ३८. आठ महिन्यांच्या गोळ्यांचा हिशोब त्या तीन आकड्यांत मिटला.

तेव्हा तपासणीला जाताना सीबीसी, सीआरपी, फेरिटिन, सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) हे सगळं एकाच वेळच्या रक्तातून मागा. शेवटच्या दोहोंवरून सॅच्युरेशन काढतात. नुसतं सीरम आयर्न बघून ‘लोह कमी’ म्हणणं हा अंधारातला बाण आहे. ते दिवसभरात वरखाली होतं आणि दाहात तसंही घसरतं. शक्यतो सकाळी, आणि आदल्या दिवशी लोहाची गोळी न घेता. तरीही चित्र धूसर राहिलं तर सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाची तपासणी आहे. ती सगळीकडे होत नाही, पण तिच्यावर दाहाचा परिणाम फारसा होत नाही.

पायरी ४ : गळती कुठे आहे?

कोठार रिकामं निघालं, तर भरण्याइतकंच ते कुठून गळतंय हे महत्त्वाचं. पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोह कमी निघालं, तर पचनमार्गातून थोडं थोडं रक्त जात नाही ना हे पाहावं लागतं, आणि त्यासाठी दुर्बिणीची तपासणी सुचवली जाऊ शकते. गोळ्यांनी आकडा सुधारला म्हणून ती टाळू नका. सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, जठराला गुपचूप जखमा करतात; पोट न दुखताही. पाळी सात दिवसांहून लांबत असेल, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, तर ते ‘माझं पहिल्यापासून असंच आहे’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. सिलिॲक आजारातही (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो) लोह शोषलं जात नाही.

बी-१२ लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्यांच्या दाहाचा एक प्रकार, नेमका तिथेच घर करतो, आणि शस्त्रक्रियेत तो भाग काढला असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं जन्मभर लागू शकतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, दीर्घकाळ घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, प्राणिज पदार्थ पूर्ण वर्ज्य असलेला आहार, यांनीही ते घटतं. पायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं असेल तर ही तपासणी लांबवू नका. आणि बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहणं धोक्याचं: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

औषधांची यादीही या पायरीवरच तपासायची. मेथोट्रेक्सेट आणि सल्फासलाझिन फोलेटच्या वाटेत येतात. ॲझाथायोप्रिन मगज दाबू शकतं, म्हणून त्याबरोबर ठरावीक अंतराने सीबीसी लागतेच. मेथोट्रेक्सेट आपल्या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. ते चालू असताना तोंडात फोड, अंगावर निळे डाग, ताप असं काही दिसलं तर लगेच दाखवा. मात्र यातलं कोणतंही औषध लेख वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका. उसळलेला आजार रक्तालाही खातो.

थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, साखर, ड-जीवनसत्त्व हे एकदा बघून घेतलेलं बरं. घोरणं मोठं असेल आणि दिवसा डोळे मिटत असतील तर झोपेत श्वास अडकतो का, हेही.

पायरी ५ : एक पान घेऊन जा

डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं विसरतं. एका पानावर वहीचं सार, हिमोग्लोबिनचे तारखांसह मागचे तीन-चार आकडे, आणि चालू औषधं लिहा, दुकानातून परस्पर घेतलेलीसुद्धा. मग सरळ विचारा: माझा रक्तक्षय लोह संपल्याचा, दाहाचा, की दोन्हींचा? संपल्याचा असेल तर कारण काय? गोळीने भागेल की शिरेतून लोह लागेल? रक्त सुधारलं तरी थकवा राहिला तर पुढे काय करायचं? शेवटचा प्रश्न विचारायचा राहतोच, आणि सहा महिन्यांनी त्याचीच गरज पडते.

पायरी ६ : लोह घ्यायचं ठरलं तर

गोळीच्या वेष्टनावर दोन आकडे असू शकतात. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेटमध्ये प्रत्यक्ष लोह साधारण ६० मिलिग्रॅम असतं. महत्त्व या दुसऱ्या आकड्याला.

जास्त गोळ्या म्हणजे जास्त लोह, असं नाही. लोहाची एक मात्रा घेतली की शरीर तात्पुरतं हेप्सिडिन वाढवतं, आणि तो चढ साधारण दिवसभर टिकतो. म्हणजे दुसरी मात्रा बंद दारावरच आदळते. लोह घटलेल्या स्त्रियांवर झालेला, २०१७ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात रोज घेण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेल्या लोहाचं शोषण अधिक झालं. म्हणून आता बरेच डॉक्टर दिवसाला एकदा किंवा एक दिवसाआड एकच मात्रा देतात. पोटाचा त्रासही कमी होतो. तुम्हाला अजून दिवसातून तीनदा सांगितलेलं असेल तर विचारायला हरकत नाही.

सकाळी, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. चहा-कॉफी तास-दोन तास लांब. कॅल्शियम आणि ॲसिडिटीची औषधं वेगळ्या वेळी. थायरॉइडची गोळी चार तास दूर. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोड्या खाण्याबरोबर घ्या. शोषण घटेल, पण घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा बरी. व्हिटॅमिन सी ची वेगळी गोळी प्रत्येकाला लागतेच असं नाही.

आहाराने कोठार राखता येतं. एकदा रिकामं झालेलं नुसत्या आहाराने भरणं फार अवघड. मांस-माशांतलं लोह सहज शोषलं जातं, डाळी-पालेभाज्यांतलं कमी, पण सोबत आंबट फळ असलं तर ते सुधारतं. लाल रंगाचं खाल्ल्याने रक्त वाढतं या समजुतीला रंगापलीकडे आधार नाही.

चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर डोस वाढवण्याआधी विचारा: गोळी खरंच घेतली जाते का, शोषली जाते का, गळती चालूच आहे का, की निदानच वेगळं आहे? वाढलं, तर आकडा नॉर्मल झाला त्या दिवशी थांबू नका. कोठार भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

आतड्याचा दाह पेटलेला असेल, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, किंवा गोळ्या सोसतच नसतील, तर शिरेतून लोह देतात. त्यामुळे आतड्याचा टप्पा टळतो. अंगात संसर्ग चालू असताना मात्र देत नाहीत. क्वचित तीव्र ॲलर्जी येते, म्हणून ते जिथे तातडीचे उपचार होऊ शकतात तिथेच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथे थांबायचं. सुई टोचलेल्या जागी जळजळलं तर लगेच सांगा. औषध बाहेर झिरपलं तर कातडीवर तपकिरी डाग दीर्घकाळ राहतो. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या प्रकाराने काहींच्या रक्तातलं फॉस्फेट घसरतं, आणि त्याची लक्षणं काय, तर थकवा आणि हाडं दुखणं! लोह घेऊन थकवा वाढला तर ‘असं कसं’ म्हणून गप्प बसू नका, फॉस्फेट तपासायला सांगा.

आणि गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. रंगीत, गोड आवरणाच्या थोड्या गोळ्याही लहान मुलाचा जीव घेऊ शकतात.

पायरी ७ : कुलूप उघडायचं तर दाह विझवा

कोंडलेल्या लोहावर लोहाची गोळी हा उपाय नव्हे. मूळ आजार आटोक्यात आला की हेप्सिडिन उतरतं आणि लोह आपल्या पायांनी बाहेर येतं. माझं औषध बदललं, चार महिन्यांत सीआरपी ६ वर आला आणि हिमोग्लोबिन ११.९ झालं, लोहाचा कणही वेगळा न घेता. आमवातात इंटरल्यूकिन-६ अडवणाऱ्या औषधांनी हिमोग्लोबिन वाढतं, ते याच कारणाने. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मुख्यतः मूत्रपिंडाच्या आजारात वापरतात. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असल्याने ती सरसकट देत नाहीत.

पायरी ८ : रक्त सुधारलं, थकवा राहिला

असं होतं. आजार शांत, हिमोग्लोबिन बरं, आणि तरी दुपारी तीनला बॅटरी उतरलेली. डॉक्टरांना रिपोर्ट छान दिसतो आणि आपल्याला वेड्यात निघाल्यासारखं वाटतं. पण हा थकवा खरा आहे. झोप, वेदना, ढिले पडलेले स्नायू, मन, औषधं अशा अनेक धाग्यांचा तो पीळ असतो.

पहिलं काम म्हणजे ‘बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ’ ही सवय सोडणं. एक दिवस घोड्यासारखं राबायचं आणि तीन दिवस आडवं पडायचं, या चक्रात आपण सगळेच सापडतो. वहीतून शोधा, की किती कामानंतर दुसरा दिवस बिघडत नाही. काही दिवस मुद्दाम त्याहून थोडं कमीच करा. बऱ्या दिवशीही तेवढंच. बरा दिवस हा उधारी फेडायचा दिवस नाही, हे मला पटायला दोन वर्षं लागली. विश्रांती थकण्याआधी घ्यायची: चाळीस मिनिटं काम, दहा मिनिटं डोळे मिटून पडणं. मोबाइल चाळणं विश्रांतीत धरू नका. बसून होणारं काम उभ्याने करू नका. आठवड्यातली दोन जड कामं एका दिवशी येऊ देऊ नका.

दुसरं, हालचाल. थकलेल्या माणसाला व्यायाम सुचवला की त्याला संताप येतो, मलाही यायचा. पण दाहाच्या सांधेरोगांतल्या थकव्यावर युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘यूलार’ संघटनेने २०२३ मध्ये ज्या शिफारशी केल्या, त्यांत माणसाला झेपेल अशी नियमित शारीरिक हालचाल आणि मानसशास्त्रीय आधार या दोन्ही गोष्टी आहेत. सुरुवात हास्यास्पद वाटेल इतकी लहान ठेवा: सपाटीवर पाच-सात मिनिटं चालणं. आठवडाभर जमलं तर एक-दोन मिनिटं वाढवा. पुढे आठवड्यातून दोनदा हलके स्नायूंचे व्यायाम. हिमोग्लोबिन बरंच खाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एक अपवाद मात्र कटाक्षाने पाळा. थोड्याशा श्रमानेही दुसऱ्या दिवशी सगळं कोसळत असेल आणि सावरायला कित्येक दिवस लागत असतील, तर नेटाने वाढवत जाऊ नका. तो वेगळा प्रकार असू शकतो, आणि त्यात ठरवून वाढवलेला व्यायाम अपाय करतो.

झोपेचं थोडक्यात. स्टिरॉइड चालू असेल तर ते सकाळी घेता येईल का विचारा. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा दुपारनंतरचा कप सोडा. दुपारची डुलकी तीनच्या आधी आणि अर्ध्या तासाच्या आत. रात्री दुखण्याने जाग येत असेल तर आधी दुखण्याचा बंदोबस्त हवा, झोपेच्या गोळीचा नव्हे.

मनाचं काय? उदासी हा थकव्याचा परिणामही असतो आणि कारणही. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींची गोडी दोन आठवड्यांहून जास्त काळ गेली असेल, तर ते सांगा. ‘म्हणजे सगळं मनाचंच आहे’ असं कुणी म्हणेल या भीतीने मी ते लपवलं होतं. फुकटचं एक वर्ष गेलं.

घरच्यांना आणि कामावरच्यांना ‘मी थकले’ म्हणून काही कळत नाही. ‘चार ते पाच मला पडू द्या, पाचनंतर मी आहे’ हे कळतं.

पायरी ९ : पुन्हा कधी तपासायचं

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर चार आठवड्यांनी सीबीसी. आकडा सुधारल्यावर निदान वर्षभर दर तीन महिन्यांनी, कारण दाहाच्या आजारात लोह पुन्हा घसरण्याची खोड आहे. शिरेतून लोह घेतलं असेल तर फेरिटिन लगेच तपासू नका. ते काही आठवडे फसवं उंच दिसतं, म्हणून साधारण आठ आठवडे थांबा. सर्दी-ताप चालू असतानाही फेरिटिनसाठी रक्त देऊ नका. आणि दर वेळी त्याच नमुन्यात सीआरपी असू द्या. माझ्या वहीत प्रत्येक तपासणीच्या ओळीत तीन रकाने आहेत: हिमोग्लोबिन, सीआरपी, आणि त्या आठवड्यातल्या थकव्याचे गुण. मागच्या ओळीत १२.१, ५ आणि ४ लिहिलंय. आठवरून चारवर यायला दीड वर्ष लागलं.